देवाला कसलं सुतक

वैनी, आज बारावा दिवस. देव्हाऱ्यावर अजून तुमच्याच जुन्या हिरव्या साडीचा तुकडा टाकलेला आहे. उद्या तेरावं झालं की तो काढायचा, देवांना आंघोळ घालायची, दिवा लावायचा. बारा दिवस या घरात देवापुढे वात पेटली नाही. आणि माझं नशीब बघा, नेमके हेच बारा दिवस असे होते, की त्याचे पाय धरून बसावंसं वाटत होतं.

ओंकारचं काही कळलेलं नाही. हे आधी सांगते, कारण तुम्ही असतात तर चपला काढायच्या आत विचारलं असतंत, "काय गो, पोराचा फोन?" नाही. तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी मेसेज आला तो शेवटचा. 'नांगरावर उभे आहोत. इथलं नेट बंद करणार आहेत म्हणे. काळजी करू नको. मोठ्या आईला सांग, तिचे लाडू पुरवून खातोय.' मी लिहिलं, 'सांगते.' त्या शब्दापुढे अजून एकच टिक आहे. दुसरी उमटत नाही. मी दिवसातून शंभरदा बघते आणि शंभरदा फोन पालथा ठेवते.

मोठी आई राहिली नाही हे त्याला कळवलेलं नाही. नियम तुमचाच. "बोटीवरच्या माणसाला घरचं मरण कळवू नये. तो तिथं रडायला कुणाच्या गळ्यात पडणार?" आळीतल्या कुणाकुणाला तुम्ही हे सांगितलंत, आणि आता तुमच्यावरच पाळायची वेळ आली. 'सांगते' असं मी लिहिलं होतं, ते तेवढं तरी खरं करते. वैनी, तो तुमचे लाडू पुरवून खातोय.

तेराव्याच्या तयारीला बायका येतात, त्यांतली एक काल म्हणाली, "जावेसाठी एवढं कोण रडतं गो?" तिचंही बरोबर आहे. जावा म्हणजे भांडणाऱ्या, असंच सगळीकडे. आपणही भांडलोच की. सत्तावीस वर्षं एका छपराखाली राहून भांडलो नसतो तर लोकांनी नावं ठेवली असती. मी लग्न होऊन मांडवीच्या या घरात आले तेव्हा तुमची चाळिशी आली होती आणि तुम्ही एकट्या पडल्याला दहा वर्षं झाली होती. माझे थोरले दीर मी फक्त फोटोत बघितले. बोटीवर गेले, तिथे आजारी पडले, तिथेच गेले, आणि पाण्यातच त्यांना निरोप दिला गेला. घरी आली ती त्यांची बॅग. तुम्हाला मूल नव्हतं. ओंकारला दवाखान्यातून आणलं त्या दिवशी तुम्ही मांडीवर घेतलंत, ते तो शाळेत जाईपर्यंत काही खाली उतरवलं नाहीत. त्याला दोन आया. एक ओरडणारी आणि एक लपवणारी.

मी भित्री. हे काही गुपित नाही. माझं माहेर आतल्या गावातलं, आणि दिलं मला समुद्राच्या दारात. वारा वाढला की मी खिडक्या लावायची आणि तुम्ही मागोमाग येऊन उघडायच्यात. ओंकार आधी लोट्याला केमिकलच्या कंपनीत फिटर म्हणून लागला, तर त्याच्या शर्टाला येणाऱ्या वासानेच माझा जीव अर्धा व्हायचा. शिफ्ट संपली, कंपनीच्या बसमधून उतरलो, खोलीवर पोचलो, असा त्याचा फोन आला की मग मी ताटावर बसायची. शेवटी मीच मागे लागून ती नोकरी सोडायला लावली. मग तो बोटीवर गेला. आगीतून उठून फुफाट्यात. तुम्ही तेव्हा पदर तोंडाला लावून हसलात. "आमची भागूबाई," म्हणालात, "भीतीला एक खोली दिलीस की ती आख्खं घर मागते."

तुम्हाला भीती वाटतच नाही असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. त्याचा मला रागही यायचा.

दिवेलागणीचं आपलं ठरलेलं होतं. तुम्ही वात लावायच्यात आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायच्यात, मी मागे उभी राहून होय म्हणायची. ह्यांना ते आधी पटलं नव्हतं. "गाऱ्हाणं गुरवाने घालायचं, नायतर मानकऱ्यांनी," हे म्हणाले होते, "बायका कुठे घालतात?" तुम्ही वात पुढे सारत म्हणालात, "देवळात तुम्ही घाला हो भावोजी. घरातल्या देवाला बायकांचाच आवाज वळखीचा." तुमचं ते गाऱ्हाणं मला झोपेतही येतं. "बा देवा महाराजा, ह्या घरात जे कोण हाय, जे कोण लांब हाय, रस्त्यावर हाय, पाण्यावर हाय, त्यांच्या पाठीशी उभा ऱ्हा. चुकलंमाकलं पदरात घे. पुढचं तुझं तू जाणतोस रे महाराजा." आणि मी, "होय महाराजा."

मी तुम्हाला म्हणायची, त्यात ओंकारचं नाव घ्या ना. बोटीचं नाव घ्या, कुठल्या समुद्रात आहे ते सांगा. तुम्ही म्हणायच्यात, "त्याला काय पत्ता सांगायला लागतो?" आणि ते शेवटचं 'तुझं तू जाणतोस' मला कधीच आवडलं नाही. कोऱ्या कागदावर सही दिल्यासारखं वाटायचं. पुढे तो काय लिहील कुणी सांगावं? एकदा मी हे तुम्हाला बोलून दाखवलं. मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, तो करील ते बरंच करील. सगळे तसंच म्हणतात. तुम्ही नारळ खवत होतात. खवताखवता म्हणालात, "तो करील ते बरंच असेल, असं मी कुठे म्हणत्ये? त्याने केलेलं उचलायला तोच ताकद देतो, एवढंच मला म्हायती हाय." मी म्हटलं, मला ताकद नको, मला माझा मुलगा हवा. तुम्ही खोबऱ्याची चिमूट माझ्या तोंडात घातलीत आणि वाद तिथेच राहिला.

आता त्या फोनबद्दल. हे लिहायचं म्हणूनच मी वही घेऊन बसले आहे, नाहीतर मला कुठलं लिहायला जमतं.

तुम्ही मासळी आणायला गेला होतात. ओंकारचा फोन आला. "आई, बोट आता त्या गडबडीच्या भागातून जाणार आहे. कंपनीने विचारलंय, ज्याला पुढे यायचं नसेल त्याने अलीकडच्या बंदरात उतरायचं. जबरदस्ती नाही. माझं मन अर्धं इकडे, अर्धं तिकडे आहे. बाबांना विचारलं तर ते म्हणतील तुझं तू बघ. तू सांग. परवापर्यंत सांगायचंय."

माझं सगळं अंग ओरडत होतं, उतर. जिभेवर शब्द होता. आणि तिथेच दुसरी भीती उभी राहिली. उतरला आणि त्याचं कॉन्ट्रॅक्ट मोडलं म्हणून पुढे बोटच मिळाली नाही तर? बोट सुखरूप पार झाली आणि जन्मभर तो म्हणाला, आई, तुझ्यामुळे, तर? घरी येताना रस्त्यातच काही झालं तर? मी त्याला म्हटलं, उद्या सांगते. तुम्ही मासळी घेऊन आलात, बांगडे चांगले मिळाले म्हणून खूश होतात. मी तुम्हाला एक अक्षर बोलले नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही मलाच उलट विचारलं असतंत, तुझं मन काय म्हणतं. ते मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी माहेरी जाऊन येते असं सांगून मी एसटीत बसले आणि आपल्या मूळ गावच्या देवळात गेले. हातखंब्याला गाडी थांबली तेव्हा मी पदर डोक्यावर ओढून खाली वाकले, कारण समोरच ह्यांचं कोकम-काजूगरांचं दुकान, आणि हे बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. शेजारच्या बाईने विचारलं, काय हरवलं का? मी म्हटलं, हो, चप्पल. पन्नाशीच्या बाईला हे शोभतं का?

गुरवकाकांना कौल लावायला सांगितला. त्यांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, काय मागणं? मी म्हटलं, मुलाने उतरावं असं असेल तर उजवी पडू दे, बोटीवर राहावं असं असेल तर डावी. गाभाऱ्यात उकडत होतं. मी उजव्या पाकळीकडे एवढी बघत होते की डोळ्यांतून पाणी आलं. डावी पडली. अगदी हलकेच पडली. गुरवकाका म्हणाले, "स्पष्ट कौल दिलान. आता मागे वळून बघू नको." मी देवळाच्या पायरीवर बसून ओंकारला मेसेज केला, 'राहा. देवाच्या मनात तेच आहे.' त्याचं लगेच आलं, 'ओके आई.' आणि खरं सांगू का वैनी, त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं होतं. येताना मी हातखंब्याला उतरले, ह्यांच्याबरोबर चहा प्यायले, माहेरची खोटी खोटी खुशाली सांगितली.

आठ दिवसांनी बातम्यांत दाखवायला लागले. तिकडे बोटी अडकून पडल्यात, पुढे जाता येत नाही आणि मागे फिरता येत नाही, आकाशातून काय काय येऊन पडतंय. ह्यांनी टीव्ही बंद केला. मी मागच्या दारी गेले. तुम्ही विळीवर बांगडे कापत होतात. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं, फोन, एसटी, पाकळी, सगळं.

तुम्ही हात थांबवला नाहीत. दोन बांगडे कापून झाल्यावर म्हणालात, "शालू, पोराने तुला इचारलं होतं गो. देवाला नव्हतं इचारलं."

मी म्हटलं, तुम्हीच ना म्हणता, देवावर सोडावं? मी तेच केलं.

"सोडलं नाय तू. ढकललंस. आपल्या वाटचं आपण करायचं, मग वरचं सोडायचं. तू तुझं कामच त्याच्या अंगावर टाकलंस, नि आता तुला वाटतंय त्यानं फसवलं."

तुम्ही हे शांतपणे बोललात म्हणून मी जास्त चिडले. रागावला असतात तर बरं झालं असतं. आणि मग ते वाक्य माझ्या तोंडून गेलं. "तुमच्या पोटचं पोर असतं म्हणजे कळलं असतं."

विळी थांबली. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. एवढंच म्हणालात, "मासे धुवून घे. मांजर येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही घावणे केलेत. पहिला घावणा माझ्या ताटात. मी खाली मान घालून खाल्ला. माफी मागायची तर आधी ते वाक्य पुन्हा उच्चारायला लागतं ना, ते मला जमेना. म्हटलं, उद्या बोलू. तुमच्या-माझ्यात घाई कसली होती?

त्याच दुपारी पडवीत बसून तुम्ही मला ते सांगितलंत, जे सत्तावीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही निवडायला तांदूळ घेतले होते आणि मी समोर नुसती बसले होते.

"आमच्या ह्यांच्या बोटीवरच्या शेवटच्या खेपेला मीपण कौल लावला होता," तुम्ही म्हणालात. "उजवा पडला. जाऊ दे म्हणून. मीच त्यांना ढकलून धाडलं, देवाने सांगितलंय, जावा म्हणून. त्यांना बरं वाटत नव्हतं आधीपासून. मला दिसत होतं. पण कौल उजवा."

तुम्ही तांदळातला खडा काढून अंगणात फेकलात.

"पाकळी ओली असते तवर चिकटते, सुकली की पडते. त्यात देवाला कशाला गोवायचं? आणि त्यांची ती खबर आली नि सुतक लागलं. तेरा दिवस दिवा नाय, फूल नाय, देवाचं तोंड बघायचं नाय. मी भियाले. म्हटलं, आता ह्या घराकडे बघणार कोण? आपण तर त्याला पाणीसुद्धा देत नाय. तर काय गो, रोज सकाळ व्हायची. विहिरीला पाणी होतं. भात शिजत होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सुतक आपल्याला. देवाला कसलं सुतक? माझ्या वातीवाचून त्याचं काय अडत नव्हतं. मी हाक मारली नाय तरी तो कामावर होताच. मग मी कौल सोडला. गाऱ्हाणं सोडलं नाय."

"आणि भीती?" मी विचारलं.

"ती हाय की. ती कुठे जात्ये? सकाळी उठलं की पयली तीच उठते. पण मालकीण नाय ती घरची."

म्हणजे तुम्हालाही वाटायची. चाळीस वर्षं रोज सकाळी वाटायची, आणि तुम्ही खिडक्या उघडत फिरायच्यात. हे मला आधी का नाही सांगितलंत? मी उगाच स्वतःला वेगळ्या मातीची समजत राहिले.

शेवटी तुम्ही म्हणालात, "ओंकारला लिही. खरं सांग. म्हणावं, मी घाबरले नि पाकळीवर टाकलं, माझं मन तू उतरावंस असंच होतं." मी म्हटलं, आता? तो तिथे अडकलेला असताना? तुम्ही म्हणालात, "आताच. तो देवाच्या नावाने तिथं बसलाय. उद्या काय वाकडं झालं तर तो देवावर रागावेल, नि ते तुझं पाप." मी म्हटलं, बघू. आपला शेवटचा वाद तो, आणि त्यात शेवटचा शब्द माझा. बघू.

त्यानंतर दोनच दिवस. पडवीत खांबाला टेकून बसलात, पाणी दे म्हणालात, आणि मी तांब्या घेऊन आले तोवर तुम्ही नव्हतात. तांब्या माझ्या हातात तसाच भरलेला होता. मी तुम्हाला हाक मारली ती पण भांडल्यासारखी. वैनी, असं काय करता, म्हणून.

आता या बारा दिवसांचं सांगते. मी वेड्यासारखी झाले होते. देव्हारा झाकलेला, देवळात जायचं नाही, नवस बोलायचा नाही, गाऱ्हाणं घालायचं नाही. कंपनीच्या ऑफिसात फोन केला की तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणते, मॅडम, संपर्क होत नाही याचा अर्थ काही वाईट झालंय असा नाही. मी फोन ठेवायची आणि मग मला सगळ्यातच कौल दिसायला लागले. पाल कुठल्या बाजूने चुकचुकली. दूध उतू गेलं की नाही गेलं. फोडलेल्या नारळाची मोठी कवड कुठल्या हातात आली. अंगणात आधी कावळा उतरला की साळुंकी. एकदा तर समोरून एसटी गेली आणि मी मनात म्हटलं, हिच्यात दारापाशी बाई बसलेली असली तर ओंकार सुखरूप आहे. पुरुष होता. मी दिवसभर जेवले नाही. ह्यांनी विचारलं तर काय सांगणार? एसटीत पुरुष बसला होता म्हणून?

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. हे पुढे झाले, म्हणाले, "वैनी, ओंकारची काळजी करू नका, त्याला आम्ही बघू." नाही. भटजी म्हणाले, अजून कुणाला काही बोलायचंय? सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काय माहीत, माझ्या मनात काय चाललं होतं. मी तुमच्याशी बोलतच नव्हते. मी मनात म्हणत होते, आता शिवला तर ओंकार येणार, नाही शिवला तर. ते 'तर'पर्यंत आलं आणि मला तुमची विळी आठवली. ढकललंस, म्हणाला होतात. तुमचा पिंड समोर, आणि मी त्याचीसुद्धा पाकळी केली होती. मी पाठ फिरवली. खाडीकडे तोंड करून उभी राहिले आणि ते वाक्य, तुमच्या पोटचं पोर, ते मोठ्याने म्हटलं, आणि मग म्हटलं, वैनी, चुकले. ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल ते वाटो. कावळा शिवला म्हणून मागे गलका झाला तेव्हा मी वळले नाही. तो माझ्या माफीमुळे शिवला, की त्याला तेव्हाच भूक लागली, मला बघायचं नव्हतं. तुम्ही भुकेच्याच बाजूने बोलला असतात.

आणि काल पालखी आली. शिमग्याची. दरवर्षी तुम्ही सकाळपासून अंगण सारवून, रांगोळी घालून, ओटीचं ताट घेऊन दारात सगळ्यांच्या पुढे. यंदा आपल्या दाराला रांगोळी नाही. ढोल लांबून ऐकू यायला लागला तशी मी खोलीत गेले आणि खिडकी लावून घेतली. सुतकाच्या घरावरून पालखी न थांबता जाते, हे मला माहीत आहे, लहानपणापासून बघते आहे. पण ऐन वेळी मी ते विसरले. वाटलं, माझ्या पोराला सर्वांत जास्त गरज, आणि देवी आपलंच दार चुकवून चालली. आळीच्या रीतीप्रमाणे आपल्या घराशी त्यांनी ढोल बंद केला. नुसत्या पायांचा आवाज आला. मी उशी तोंडाशी धरली. वैनी, एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. तुम्ही गेलात तेव्हाही नाही.

पालखी समोरच्यांच्या अंगणात बसली. ढोल पुन्हा वाजून थांबला आणि गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "जे कोण घरात हाय, जे कोण मुंबईस हाय, जे कोण बोटीवर हाय, त्यांना हाय तिथं सांभाळ, सुखाने घरी आण रे महाराजा." आणि आख्ख्या आळीचा आवाज, "होय महाराजा."

तो गुरव आपल्या घरासाठी बोलत नव्हता. आपल्याला सुतक. पण जे कोण बोटीवर हाय म्हणताना त्याने सुतकाच्या घरातली पोरं वगळली नव्हती. मला तुमचे तांदूळ निवडणारे हात दिसले. देवाला कसलं सुतक? मी अकरा दिवस काही मागितलं नव्हतं, आणि माझं मागणं दुसरंच कुणीतरी, मला न विचारता, समोरच्या अंगणात मागून मोकळं झालं होतं. मी खिडकी उघडली. तुमच्यासारखी सताड नाही, बोटभर. आणि फटीला तोंड लावून, आतल्या आत, म्हटलं. होय महाराजा.

भीती गेली का? नाही. आज सकाळी माझ्या आधी तीच उठली होती. पण मी चहा केला, ह्यांना दिला, तो त्यांनी प्यायला, आणि तेवढा वेळ मी फोनकडे बघितलं नाही. तेवढा वेळ मला तुमच्यासारखं वाटलं.

मग मी ओंकारला लिहिलं. तुमचा शब्द राखायचा म्हणून तुम्ही गेल्याचं लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं. 'बाळा, तू मला विचारलंस तेव्हा माझं मन म्हणत होतं उतर. मी घाबरले आणि कौल लावला. राहा असं देवाने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं. रागवायचं तर माझ्यावर रागव, त्याच्यावर नको. तो तुझ्याजवळ आहे, तो तुला लागेल.' वाचून बघितलं आणि पाठवलं. एक टिक. दुसरी नाही. बसल्याबसल्या माझ्या मनात आलं, तुमच्या रोजच्या गाऱ्हाण्याला तरी कधी दुसरी टिक आली होती? चाळीस वर्षं तुम्ही पाठवत राहिलात आणि स्वयंपाकाला लागलात.

आता उद्याचं. उद्या तुमच्या साडीचा तुकडा मी काढीन. वात लावीन. ह्यांना विचारलं, गाऱ्हाणं तुम्ही घालता का? हे म्हणाले, "नाय. ह्या घरातल्या देवाला बायकांचाच आवाज वळखीचा." तुमचं बोलणं त्यांनी एवढी वर्षं जपून ठेवलं होतं, मला माहीतच नव्हतं. हे माझ्या मागे उभे राहणार आहेत.

मी आजच मनात म्हणून बघितलं. घरात जे कोण हाय, इथवर बरं जमतं. पाण्यावर हाय, इथे आवाज कापतो, पण निघतो. चुकलंमाकलं पदरात घे, हे तर आता माझंच आहे. पुढचं मात्र म्हणवत नाही. तुझं तू जाणतोस. तीनच शब्द, पण त्यांत माझा ओंकार आहे. उद्या मी तिथपर्यंत येईन आणि कदाचित थांबेन. तशी थांबले तर, वैनी, तेवढं तुम्ही म्हणा. मी नेहमीसारखी होय म्हणेन.